तयार चष्म्यांची वही

रविवारी सकाळी दहाला सगळ्यांनी दुकानात जमायचं, असं नानांनी बजावलं होतं. घर वर आणि दुकान खाली, मधे जिन्याच्या चौदा पायऱ्या. तरी घरातले निम्मे लोक उशिराच उतरणार हे थोरलीला, नानांच्या मोठ्या सुनेला, ठाऊक होतं. ती मात्र पावणेदहालाच काउंटरमागे येऊन उभी राहिली.

उभी, कारण दुकानात तिला बसायला जागाच नव्हती. काउंटरमागे सासूबाईंचं, म्हणजे माईंचं, स्टूल होतं. माईंना जाऊन नऊ वर्षं झाली. त्यांचा फोन थोरलीकडे आला, त्यांची वही आली, स्टूल काही आलं नाही. त्यावर बस असं तिला कुणी म्हटलं नाही, आणि न सांगता बसणाऱ्यांतली ती नव्हती. नऊ वर्षं ती उभ्यानंच फोन करत होती.

फोन करणं हे या चष्म्याच्या दुकानातलं जुनं व्रतच होतं म्हणा ना. चष्मा तयार झाला की गिऱ्हाइकाला घरातल्या बाईनं स्वतः फोन करायचा, "तुमचा चष्मा तयार आहे, कधी येताय?" असं विचारायचं, आणि समोरून जे उत्तर येईल ते वहीत जसंच्या तसं लिहायचं. आपली अक्कल चालवून त्यात काटछाट करायची नाही, हा माईंचा दंडक. त्यामुळे वहीत "उद्या येते" असायचं तसंच "जुन्याच चष्म्यानं बरं दिसतंय, घाई काय" असंही असायचं. एका आजोबांनी तर "कोण बोलतंय?" एवढंच विचारून फोन ठेवला होता, तेही माईंनी तारखेसकट लिहून ठेवलं होतं.

साथ आली, दुकानं बंद झाली, पण चष्मे फुटायचे थांबले नाहीत. थोरलीचा नवरा मागच्या खोलीत काचा घासत राहिला, दुरुस्त्या करत राहिला. तयार माल अर्ध्या दारातून काठीला टोपली लावून दिला जाई. आणि थोरली फोन करत राही. फक्त आता उत्तरांचा रागरंग बदलला होता. "ताप आहे, बरं वाटलं की येतो." अशा उत्तरापुढे ती लाल पेनानं एक छोटं गोल काढी. का काढी, हे तिलाही सांगता आलं नसतं. बहुधा त्या माणसाला पुन्हा लगेच फोन करून त्रास द्यायचा नाही, म्हणून.

आता या घरात दुसराही एक हिशेब चालू होता, आणि खरं दुखणं तिथेच होतं.

धाकटी जाऊ प्रभागाच्या आरोग्य कार्यालयात कारकून होती. दिवसभर आकडे संगणकात भरायचे आणि संध्याकाळी घरी यायचं. पूर्वी दुकानाच्या पायरीवरच्या फळ्यावर तिचा नवरा, धाकटा, "फ्रेमवर काच मोफत" असलं काहीबाही लिहायचा. तो फळा साथीत रिकामा पडला होता. एका संध्याकाळी धाकटीनं तो पुसला आणि त्यावर प्रभागातल्या नव्या रुग्णांचा आकडा लिहिला. दुसऱ्या दिवशी त्याखाली सात दिवसांची सरासरी आली, तिसऱ्या दिवशी वर जाणारा किंवा खाली येणारा बाण. महिन्याभरात अख्खी गल्ली संध्याकाळी साडेसहाला मास्क लावून, अंतर राखून फळ्यासमोर उभी राहू लागली.

"एका दिवसाचा आकडा बघून हुरळून जाऊ नका," धाकटी खडू हलवत सांगायची. "रविवारी तपासण्या कमी होतात, म्हणून सोमवारचा आकडा उगाच शहाण्यासारखा दिसतो. सरासरी बघा."

आणि लोक माना डोलवायचे. ज्या बायका गेली नऊ वर्षं थोरलीला रस्त्यात थांबवून "वहिनी, जरा सांगा हो" म्हणायच्या, त्या आता तिच्या खांद्यावरून मागे बघत "आकडेताई आल्या का?" असं विचारू लागल्या. थोरली "येईल एवढ्यात" म्हणायची आणि आत जाऊन, स्वच्छ असलेली भांडी पुन्हा घासायची. पोटात दुखत होतं, दुसरं काही नाही. ती ते स्वतःशी कबूलही करायची. घरात येऊन तीन वर्षं न झालेल्या पोरीनं एका खडूच्या तुकड्यावर जे मिळवलं, ते आपल्याला नऊ वर्षं फोन फिरवून मिळालं नाही, याचा तिला जळजळीत हेवा वाटत होता. धाकटी उद्धट असती, आळशी असती तर सोपं गेलं असतं. पण ती कार्यालयातून आल्यावर हात धुऊन आधी स्वयंपाकघरात डोकवायची आणि "वहिनी, काय चिरू?" म्हणायची. याचा तर फारच राग यायचा.

बुधवारी मात्र कमाल झाली.

नानांनी स्वतःला एक अट घालून घेतली होती. सत्तरी ओलांडलेले नाना या दुकानाचे डोळे तपासणारे. तपासणीची खोली मागे, बिनखिडकीची, अंधारी. तिथे गिऱ्हाइकाच्या तोंडासमोर तोंड नेऊन अर्धा-पाऊण तास बसावं लागतं. दुकानं उघडायची परवानगी पुढच्या सोमवारपासून मिळाली होती, पण ती खोली कधी उघडायची हे घरानं ठरवायचं होतं. नाना म्हणाले होते, फळ्यावरची सरासरी सलग सात दिवस दहाच्या खाली राहिली, तर मी सोमवारी खुर्चीवर बसणार. बुधवार हा तिसरा दिवस. सरासरी नऊ.

त्याच दिवशी दुपारी थोरलीनं आठ फोन केले आणि तीन लाल गोल काढले. त्याआधीच्या अख्ख्या आठवड्यात दोन होते. ती थबकली. तिघांनाही तिनं, वहीत लागणार नव्हतं तरी, विचारलं होतं, "तपासून घेतलंत का?" तिघांनीही थोड्याफार फरकानं एकच सांगितलं. शाळा उघडायची म्हणून शाळेतलं तपासणी केंद्र बस डेपोच्या पलीकडे हलवलंय. एवढ्या लांब तापात कोण जाणार, गोळ्या घेतोय घरीच. थोरली काही गणितात हुशार नव्हती, पण एवढं कळायला गणित लागत नाही. लोक आजारी पडत होते आणि मोजले जात नव्हते. फळ्यावरचा खाली येणारा बाण म्हणजे डेपोचं अंतर होतं.

संध्याकाळी ती वही घेऊन बाहेर आली. सांगायलाच आली होती, हे तिच्या बाजूनं लिहून ठेवायला हवं. बाहेर गर्दी होती. धाकटी बुटकी, फळ्याचा वरचा कोपरा तिच्या हाताला येत नव्हता. नाना आत गेले, माईंचं स्टूल उचलून घेऊन आले आणि पायरीवर ठेवलं.

"चढ," ते म्हणाले.

"नाना, माईंचं स्टूल आहे. मी चपला..."

"चढ गं, काही होत नाही. माईनंतर या दुकानाला आज कुठे डोळे आलेत."

धाकटी चपला काढून चढली, पण चढली. गल्लीतल्या कुणीतरी टाळ्या वाजवल्या. थोरली वही छातीशी धरून दारात उभी होती. तिनं ती पदराखाली घेतली आणि आत गेली. जिना चढताना तिच्या मनात जे आलं ते अगदी स्पष्ट शब्दांत आलं. होऊ दे. उघडू दे सोमवारी. मग कळेल सगळ्यांना, कुणाला डोळे आहेत ते.

त्या दिवसापासून तिनं पानाच्या तळाशी गोलांची बेरीज मांडायला सुरुवात केली. बुधवारी तीन, गुरुवारी पाच, शुक्रवारी सहा, शनिवारी सहा. आणि बेरजेशेजारी, लाल पेनानंच, रोजचा फळ्यावरचा आकडा. फळा नऊ, फळा आठ, फळा आठ, फळा सात. ती पानं ती रोज उघडून बघायची. त्यात एक गोडी होती आणि त्या गोडीची तिला लाजही वाटायची.

तर, रविवार. एकेक करून मंडळी उतरली. धाकटीनं आदल्या दिवशीच जमिनीवर पिवळ्या पट्ट्या चिकटवून कुणी कुठे उभं राहायचं ते आखून ठेवलं होतं. काउंटरवर दोन ताटल्या होत्या, एक धुतलेल्या फ्रेमांची आणि एक उद्यापासून गिऱ्हाईक नाकावर चढवून नको म्हणेल त्यांच्यासाठी. शटर अर्धं खाली होतं. नाना खुर्चीवर, थोरला मागच्या खोलीच्या चौकटीला टेकून, धाकटा आरशांसमोर, धाकटी माईंच्या स्टुलावर. नणंद परगावी असल्यामुळे ती फोनमधून हजर होती; तो फोन आरशाला टेकवून ठेवला होता, त्यामुळे वन्सं एकीच्या दोन दिसत होत्या.

"मला काही ऐकू येत नाहीये," वन्संनी सुरुवात केली, "पण माझं मत विचाराल तर खोली उघडू नका."

"ऐकू येत नाही तर कशावर मत देतेयस?" धाकटा म्हणाला.

"तुझ्यावर. तू घाई करतोयस हे तुझ्या तोंडावरूनच दिसतंय."

"मग नको करू? चार महिने मी या आरशात स्वतःचंच तोंड बघतोय. आता मलाच माझा कंटाळा आलाय. नंबर काढून मिळत नाही म्हटल्यावर नवी फ्रेम घ्यायला कोण येईल?"

"मी काचा घासतोय, दुरुस्त्या होतायत," थोरला हळू आवाजात म्हणाला. तो कधीच मोठ्यानं बोलत नसे. यंत्राच्या आवाजात आयुष्य गेल्यामुळे बोलण्यात अर्थ नाही असं त्याचं मत झालं होतं. "अजून महिनाभर असंच चालू दे. नानांचं वय बघा."

"माझं वय मी बघेन," नाना म्हणाले. "आकडे सांग गं."

धाकटीनं कागद काढला. "आज सातवा दिवस. सकाळी आलेला आकडा धरून सरासरी सात. महिन्यापूर्वी एकतीस होती." तिनं तो कागद सगळ्यांना दिसेल असा धरला. "नाना, तरी मी म्हणते, दार उघडं ठेवून, पंखा लावून, एका वेळी एकच माणूस. आणि पाऊण तास नको. वीस मिनिटं."

"ही बघा," नाना सगळ्यांकडे वळून म्हणाले. "हिच्यासारखं मोजूनमापून बोलायला शिका जरा."

थोरलीनं ओठ घट्ट मिटले. मास्कमुळे ते कुणाला दिसलं नाही, ही त्या काळातली एक मोठी सोय होती.

"आणि मी आणखी एक सुचवू का?" धाकटी तिच्याकडे बघून म्हणाली, खरोखर आपुलकीनं म्हणाली. "फोनचं. आता गर्दी वाढेल. वहिनींनी उभं राहून किती फोन करायचे? चष्मा तयार झाला की आपोआप मेसेज जाईल असं करता येतं. वहिनींची सुटका होईल."

"हे झकास आहे," धाकटा म्हणाला.

"हे मला ऐकू आलं," वन्सं म्हणाल्या, "आणि चांगलं आहे."

थोरलीला धक्का बसला तो यामुळे. वन्सं आजवर धाकटीच्या विरुद्ध, म्हणजे ओघानंच थोरलीच्या बाजूनं असायच्या. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो हाताला लागलेली काचेची पूड पुसत होता. तिची वही, तिचे नऊ वर्षांचे फोन, माईंचा दंडक, सगळं एका "सुटका" शब्दात निकालात निघालं होतं, आणि कुणाला त्यात वावगं काही दिसलं नव्हतं. ठीक आहे, तिनं मनात म्हटलं. उघडा खोली. मी चकार शब्द काढणार नाही.

"ठरलं तर," नानांनी मांडीवर थाप मारली. मग ते गालात हसले. "आणि खरं सांगू का? मला धीर निघाला नाही. परवा मी उघडलीच खोली."

"म्हणजे?" धाकटीनं विचारलं.

"शुक्रवारी दुपारी. शेजारचे घड्याळजी आले होते मागच्या दारानं. बिचाऱ्याला घड्याळाचा काटा दिसेना झालाय, धंदा करणार कसा? म्हटलं, बस. चांगला तासभर बसलो. गप्पाही झाल्या. किती दिवसांनी हातात भिंगं घेतली मी." नानांचा आवाज थोडा ओला झाला. "सरासरी आठ होती त्या दिवशी. मी फळा बघून मगच खोली उघडली."

थोरलीला एकदम आठवलं. शनिवारच्या पानावरचा चौथा गोल. घड्याळजींच्या जुन्या चष्म्याची मोडलेली काडी बसवून तयार होती, म्हणून तिनं फोन केला होता, आणि उत्तर जसंच्या तसं लिहिलं होतं: "कालपासनं अंग मोडून आलंय, रात्री ताप होता. सोमवारनंतर बघू." लिहिताना तिला बेरीज वाढल्याचं समाधान झालं होतं. एवढंच झालं होतं.

"घड्याळजींना ताप आहे," ती म्हणाली.

कुणाला कळलं नाही. तिनं मास्क खाली ओढून पुन्हा सांगितलं, "नाना, घड्याळजींना ताप आहे. शुक्रवारपासनं. काल मी फोन केला होता."

आरशातल्या दोन्ही वन्सं "काय झालं? काय झालं?" म्हणत राहिल्या. थोरला चौकटीपासून सुटून सरळ उभा राहिला.

"त्यांना एकट्यालाच, की..." धाकटीनं विचारलं. पोरीची नजर पक्की होती, ते मानायला हवं. "वहिनी, अजून कुणी सांगितलंय का ताप?"

"सांगितलंय."

"किती जणांनी?"

"बरेच आहेत."

"आणि हे तुला कधीपासून माहीत आहे?" थोरल्यानं विचारलं. बायकोला तो असा सरळ प्रश्न क्वचितच विचारायचा.

थोरलीनं काउंटरची कड धरली. "आज," ती म्हणाली. "आज सकाळीच मोजले. वही चाळताना लक्षात आलं."

खोटं बोलून झाल्यावर तिला आठवलं की वही काउंटरवरच, धाकटीच्या हाताशी आहे. धाकटीनं ती उघडलीच होती. ती पानं उलटत होती, बोट लाल गोलांवरून खाली जात होतं. मग ते बोट पानाच्या तळाशी थांबलं. पुढचं पान. पुन्हा तळाशी. बुधवार, तीन, फळा नऊ. गुरुवार, पाच, फळा आठ. चार दिवसांच्या चार बेरजा, आणि प्रत्येकीच्या शेजारी धाकटीचाच आकडा, दोनदा अधोरेखित केलेला. ते कशासाठी लिहिलंय, हे कुणालाही कळलं असतं.

धाकटीनं वर पाहिलं. थोरलीला हवं होतं ते सगळं त्या चेहऱ्यावर होतं. फळा चुकला होता, भर घरात चुकला होता, आणि धाकटीचं तोंड उतरलं होतं. चार दिवस जिच्या आशेवर काढले ती ही घडी. पण ती नजर आकड्यांवरून आता थोरलीवर आली होती, आणि थोरलीला कधी एकदा तिनं दुसरीकडे बघावं असं झालं.

धाकटीनं वही मिटली आणि वहीवरच हात ठेवला.

"वहिनींनी आज मोजलं म्हणून निदान कळलं तरी," ती म्हणाली. "चूक माझी आहे, नाना. तपासणी केंद्र डेपोपलीकडे गेलंय, हे मला कार्यालयात माहीत होतं. तपासण्या निम्म्यावर आल्यात. रुग्ण किती सापडले ते मी लिहिलं, किती जणांना तपासून सापडले ते फळ्यावर कधी लिहिलंच नाही."

"अगं पण..." धाकटा म्हणाला.

"चूक माझी आहे," तिनं पुन्हा म्हटलं. मग ती स्टुलावरून उतरली. "नाना, तुम्ही आत्ताच्या आत्ता वर, समोरच्या खोलीत. दार लावून. जेवण दाराबाहेर ठेवू. आम्ही सगळे उद्या डेपोवर जाऊ, तुम्ही दोन दिवस थांबून जायचं, आज तपासून काही दिसणार नाही."

नाना उठले. जाताना फळ्याकडे एकदा पाहिलं, आणि मग थोरलीच्या डोक्यावर हात ठेवायला हात उचलला, आणि अंतर आठवून तो तसाच खाली घेतला. "तुझ्यामुळे कळलं पोरी," ते म्हणाले आणि चौदा पायऱ्या चढून गेले.

संध्याकाळी स्वयंपाकघरात दोघीच होत्या. थोरली ओट्याशी, धाकटी दाराशी.

"का वाचवलंस मला?" थोरलीनं मागे न वळता विचारलं.

"तुम्हाला नाही वाचवलं." धाकटीचा आवाज कोरडा होता. तीन वर्षांत तो असा पहिल्यांदाच ऐकू येत होता. "नानांना आता एकट्यानं खोलीत पडायचंय. घरातल्या कुणी जाणूनबुजून सांगितलं नाही, हे डोक्यात घेऊन पडायला नको. बरे झाले की तुम्हीच सांगा. नाही सांगितलंत तरी मी सांगणार नाही."

"आणि बरे नाही झाले तर?"

धाकटी आत आली, कोपऱ्यातली टोपली घेतली आणि म्हणाली, "काय चिरू?" या वेळी तिनं वहिनी म्हटलं नाही.

सोमवारी दुकान उघडलं, तपासणीची खोली बंद राहिली. मंगळवारी नानांना ताप चढला. बुधवारी डेपोवरून निकाल आला, तो काय असणार हे सगळ्यांना ठाऊकच होतं. बाकी घर सुटलं. फळ्यावर आता तीन ओळी असायच्या. नवे रुग्ण, केलेल्या तपासण्या, आणि तिसरी ओळ: "फोनवर कळलेले ताप. मोजणी, थोरल्या वहिनी." ती ओळ कुणी कुणाला विचारून लिहिली नव्हती. रोज साडेसहाला धाकटी वही मागायची, गोल मोजायची आणि आकडा लिहायची. कार्यालयानंही तो आकडा उचलला. गुरुवारपासून केंद्राची एक गाडी गल्लीच्या तोंडाशी येऊन उभी राहू लागली.

आणि गल्ली थोरलीकडे परत आली. "वहिनी, तुमच्या वहीनं वाचवलं हो आम्हाला," शिंपीणबाई म्हणाल्या. शाळेच्या मुख्याध्यापकांनी थांबून नमस्कार केला. थोरली जी वाट इतके दिवस बघत होती ती हीच, पण आता कुणी कौतुक केलं की ती "हो, हो" करत आत पळायची. धाकटी शेजारी उभी राहून खडूचे हात झटकत असायची. तिच्या तोंडावर काही नसायचं, आणि तेच सोसवत नव्हतं.

रोज सकाळी अकराला थोरली खालून नानांना फोन करायची. त्यांचंही नाव वहीत होतं, लाल गोलासकट. उत्तरं जशीच्या तशी. "एकशे दोन." "चहाला चव नाही." "माईची आठवण येतेय, हे लिहू नकोस." तिनं तेही लिहिलं होतं. घड्याळजी बरे होऊन घरी हिंडू-फिरू लागले होते. नानांना मात्र वेळ लागला. दहाव्या दिवशी, शुक्रवारी, फोनवर त्यांचा आवाज पूर्वीसारखा आला.

"दोन दिवस झाले, ताप नाही. लिही."

"लिहिलं, नाना."

"पंख्याचा आवाजही आता बरा वाटतोय. काय गं, तू उभ्यानं बोलतेस ना?"

"हो."

"आवाजावरून कळतं. माई बसून बोलायची, तिचा आवाज वेगळा यायचा." मग ते म्हणाले, "तिचं स्टूल घे. बस त्यावर. मी आधीच म्हणायला हवं होतं. तू मोजलं नसतंस तर मी सोमवारी अख्खी गल्ली त्या खोलीत बसवली असती. मेसेज-बिसेज काही नको. फोन तूच करायचे."

धाकटी पायरीवर फळा पुसत होती, तिची पाठ इकडे होती. थोरलीनं स्टूल ओढलं आणि बसली. नऊ वर्षांत पहिल्यांदाच. काउंटर बरोबर कोपराच्या उंचीला येत होता, वही हाताखाली येत होती, फोनची वायर ताणावी लागत नव्हती. माईंनी इथे बसूनच सगळं केलं होतं, आणि म्हणूनच त्यांना ते जमत होतं, असं तिला वाटलं. तिनं पेन उचललं. समोर उघड्या पानावर नानांचं नाव होतं.

"नाना," ती म्हणाली, "मला त्या रविवारी नाही कळलं. बुधवारीच कळलं होतं."

"काय?"

"तापाचं. बुधवारीच लक्षात आलं होतं माझ्या. सांगायला बाहेर आले होते. तुम्ही तिला स्टुलावर चढवलंत, आणि मग मी नाही सांगितलं. वाटलं, तिचा फळा चुकू दे."

फोनमध्ये नुसता पंखा ऐकू येत होता. पायरीवर फडक्याचा आवाज थांबला होता.

"म्हणजे घड्याळजी यायच्या आधी," नाना म्हणाले.

"दोन दिवस आधी."

वर कॉटचा आवाज झाला, मग पावलं. ती पावलं खिडकीपर्यंत गेली आणि परत आली. थोरली कान फोनला घट्ट लावून बसून राहिली. रागवा, ती मनात म्हणत होती. काहीही बोला.

"उद्यापासून फोन धाकटीला करू दे," नाना म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

थोरली स्टुलावरून उठली. उभ्यानं वाकून तिनं वहीत तारीख घातली, नानांच्या नावासमोर "दोन दिवस झाले, ताप नाही" लिहिलेलं होतं त्याच्या खाली, दंडकाप्रमाणे, एक शब्द न वगळता लिहिलं: "उद्यापासून फोन धाकटीला करू दे." शाई वाळेपर्यंत ती थांबली. मग वही मिटून, पेन तिच्यात घालून, ती पायरीवर उभ्या असलेल्या धाकटीकडे गेली आणि वही तिच्या खडूनं पांढऱ्या झालेल्या हातात दिली.